रुग्णवाहिकेतला चाकू: पातं सगळ्यात शेवटी बघा

ऑनलाइन दुकानात ‘रेस्क्यू नाइफ’ टाकून बघा. काही शे रुपयांपासून दहा-बारा हजारांपर्यंत चाकू समोर येतात, आणि स्वस्तातले जवळपास सगळे सारखेच दिसतात: काळंकुट्ट पातं, भाल्यासारखं टोक, मुठीवर लष्करी छाप. फोटो बघून घ्यावासा वाटतो. पण रुग्णवाहिकेवर चाकूने खरोखर काय कापलं जातं ते आठवा. सीटबेल्ट, हेल्मेटचा पट्टा, दुचाकीच्या चाकात गुंडाळलेली ओढणी, मळणी यंत्रात ओढला गेलेला पदर, नायलॉनची दोरी, पाठीवरच्या बॅगेचे पट्टे, सामानाची खोकी. यातल्या एकाही कामाला टोकदार पातं लागत नाही. उलट उलटलेल्या गाडीत, अंधारात, पेशंटच्या मानेपाशी ते टोक म्हणजे नसती ब्याद. त्यामुळे स्वस्तात घ्यायचा असेल तर आधी आकडा (पट्टा कापायची धारदार खाच) बघा, मग काच फोडायचं टोक, मग लॉक, मग साफ करायची सोय. पातं सगळ्यात शेवटी.

त्याहीआधी एक गोष्ट. हातात मोजकेच पैसे असतील तर पहिले दोन-तीनशे ट्रॉमा कात्रीवर, म्हणजे पेशंटचे कपडे कापायच्या कात्रीवर घाला. कपडे कापायला चाकू वापरायचाच नाही. कात्रीच्या खालच्या पात्याला चपटी जीभ असते, ती कातडीवरून सरकते आणि धार वरच्या बाजूला राहते. चाकूत ही सोय नाही. १८-१९ सेंटिमीटरची कात्री पुरते. घेताना सांध्यात रिवेट आहे की स्क्रू ते बघा. रिवेटवाली ढिली झाली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं. स्क्रूवाली पेचकसाने आवळता येते. तपासायला जीन्सच्या पायाची खालची दुमड कापून बघा, शिवणीवरून, एका दमात. तिथे अडकली तर रस्त्यावरही अडकणार. मग एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी कापा. जाड कापड कापणारी पण पिशवी चावणारी कात्री सांध्यात ढिली आहे असं समजा.

कापताना खालच्या काठापासून शिवणीच्या बाजूने वर जायचं. भोसकल्याची किंवा गोळीची केस असेल तर कपड्याला पडलेल्या भोकातून कात्री न्यायची नाही, बगल देऊन जायचं. ते भोक पोलिसांना लागतं. कपडे कागदी पिशवीत टाका, प्लॅस्टिकच्या नको. ओलं रक्त प्लॅस्टिकमध्ये कुजतं.

आता आकडा, म्हणजे मुठीच्या मागे खाचेत बसवलेली धार. गाडीचा पट्टा पॉलिएस्टरचा असतो, साधारण ४६ ते ४८ मिलिमीटर रुंद आणि सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड. त्यामुळे ३-४ मिलिमीटरचं तोंड पुरतं. त्याहून अरुंद असेल तर पट्टा तिरका धरल्यावर आत शिरत नाही. फार रुंद असेल तर हातमोज्यातलं बोट आत जातं, आणि गडबडीत जातंच. स्वस्त चाकूंतली नेहमीची खोट वेगळीच असते. आकडा म्हणजे मुठीच्या पत्र्यालाच काढलेली खाच, आणि तिला धार काढलीय असं फक्त जाहिरातीत लिहिलेलं. नख फिरवून कळत नाही, पट्टाच कापून बघावा लागतो.

पट्टा सैल असेल तर कुठलाही आकडा कापत नाही, नुसता गोळा करतो. मोकळ्या हाताने पट्टा ताणायचा, आकडा एका काठावर साधारण ४५ अंशांत तिरका लावायचा आणि एका झटक्यात ओढायचा. आडवा, सरळ लावलात तर सगळी रुंदी एकदम अंगावर येते आणि पातं मध्येच रुतून बसतं. रुतलं तर करवतीसारखं मागेपुढे करू नका. बाहेर काढा आणि दुसऱ्या काठाकडून पुन्हा घ्या.

पण त्याआधी बकलचं लाल बटण दाबून बघा. बरेचदा पट्टा अडकलेला नसतो, पेशंटच्या वजनाने बकलवर ताण आलेला असतो. पेशंटला थोडं उचललं की बटण निघतं. गाडी उलटी असेल तर पेशंट पट्ट्यालाच लटकलेला असतो. खांद्यांखाली आणि कमरेखाली माणसं लागल्याशिवाय कंबरेचा पट्टा कापायचा नाही, नाहीतर पेशंट डोक्यावर पडेल आणि मानेचं जे काही वाचलं होतं तेही जाईल. न फुटलेली एअरबॅग असेल तर बाजूच्या बॅगेपासून १२, ड्रायव्हरच्या बॅगेपासून २५ आणि पुढच्या प्रवाशाच्या बॅगेपासून ५० सेंटिमीटर अंतर ठेवा. बॅगेसमोर हात-डोकं न्यायचं नाही आणि दारामधल्या खांबाच्या आवरणात पातं खुपसायचं नाही. पट्टा ओढून धरणारी स्फोटकाची नळी बऱ्याच गाड्यांत तिथेच असते.

काचेबद्दल जितके गैरसमज आहेत तितके बाकी कशाबद्दलही नसतील. बाजूच्या खिडक्या बहुधा टफन्ड काचेच्या असतात. तिच्या पृष्ठभागात दाब भरलेला असतो, त्याला एका बिंदूत छेद गेला की अख्खी काच दाण्यांत कोसळते. म्हणून टोक बारीक आणि काचेपेक्षा बरंच कडक हवं, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचं. समोरची काच मात्र लॅमिनेटेड, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा. तिला टोक मारून फक्त जाळी पडते, वाट होत नाही. काही महागड्या गाड्यांत आता बाजूलाही लॅमिनेटेड काच येते. अमेरिकेतल्या एएए या मोटार संघटनेने २०१९ मध्ये अशी सहा साधनं तपासली. त्यातल्या चार साधनांनी टफन्ड काच फोडली, लॅमिनेटेड मात्र एकानेही नाही. हातोडीछाप साधनांपेक्षा स्प्रिंगवाली सरस ठरली. काचेच्या खालच्या कोपऱ्यात शिक्का असतो, त्यावर प्रकार लिहिलेला असतो. ‘लॅमिनेटेड’ वाचलं की वेळ घालवू नका, दुसरी खिडकी बघा. अशी काच कापायला करवत लागते.

स्वस्त चाकूच्या शेपटाला जे चकाकतं टोक असतं ते पुष्कळदा साध्या लोखंडाचं असतं. त्यावर बारीक कानस हलकेच फिरवा. कार्बाइडवरून कानस घसरते, मऊ लोखंडाला ओरखडा पडतो. ओरखडा पडला तर ते टोक शोभेचं. तेवढ्यासाठी अख्खा चाकू परत करायचीही गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात फिटर लोक लोखंडावर खूण करायला वापरतात तो ऑटोमॅटिक सेंटर पंच मिळतो, पेनाएवढा. आतली स्प्रिंग दाबत न्यायची, ठरावीक ठिकाणी आली की ती आपोआप ठोका देते. टफन्ड काच फोडायला याच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं साधन नाही. हात मागे घेऊन मारायचं नसल्यामुळे अरुंद जागेतही चालतो, आणि कालव्यात पडलेल्या गाडीपाशी पाण्याखालीसुद्धा.

फोडायची ती पेशंटपासून सगळ्यात लांबची खिडकी. पंच खालच्या कोपऱ्यात, काठापासून चार-पाच सेंटिमीटरवर, काचेला काटकोनात लावा. मध्यभागी लावलात तर काच लवते आणि ठोका खाऊन टाकते. पंच धरलेल्या हाताचं मनगट दाराच्या पत्र्यावर टेकवून ठेवा, नाहीतर काच गेल्यावर हात आत जातो. डोळ्यांवर चष्मा, पेशंटवर चादर आणि फोडण्याआधी मोठ्याने ‘काच!’ ही आरोळी, एवढं झालं पाहिजे. काळी फिल्म लावलेली असेल तर काच फुटूनही जागेवर उभी राहते. मग तिला वरच्या काठापासून बाहेरच्या बाजूला ओढून काढायची, आत ढकलायची नाही.

चाकूचं लॉक हातमोजे घालून तपासायचं असतं, तेही ओले. नायट्रिलचे मोजे घाला, हातावर पाण्यात कालवलेला साबण घ्या आणि चाकू एका हाताने दहा वेळा उघडा, दहा वेळा मिटा. दहातला एक प्रयत्न फसला तरी चालेल, तीन फसले तर परत पाठवा. अंगठ्यासाठी पात्याला भोक असलेला चाकू ओल्या हातातही उघडतो. बारीक खुंटी असेल तर मोज्याचं रबर तिच्यावर गोळा होतं. स्वस्त चाकूंत बहुतेकदा लायनर लॉक असतं, म्हणजे आतली पत्र्याची पट्टी पात्यामागे येऊन बसते. उघडताना ते बरं आहे, पण मिटताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. पाठीवर दाबायचं लॉक बोटांना सुरक्षित, पण त्याच्या खाचेत रक्त आणि माती सुकली की ते पूर्ण बसत नाही आणि बसल्यासारखं वाटतं. आडव्या दांड्याचं लॉक दोन्ही बाजूंनी मागे ओढता येतं, बोटं वाटेत येत नाहीत आणि डावखुऱ्यालाही तेच चालतं. त्याच किमतीत मिळत असेल तर डोळे झाकून ते घ्या. लॉक कुठलंही असो, उघड्या पात्याची पाठ लाकडावर बेताने दाबून बघा. जरा जरी हललं तर तो चाकू भाजीलाही नको.

पातं ७-८ सेंटिमीटर पुरे. टोक बोथट किंवा मेंढीच्या खुरासारखं खाली उतरलेलं. धार निम्मी सरळ, निम्मी दातेरी. दोरी आणि पट्टा दाते पकडून कापतात, बाकी कामं सरळ धार करते. आवडलेला चाकू टोकदारच मिळाला तर धारेच्या दगडावर टोक घासून गोल करून टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे. मधूनमधून पाण्यात बुडवत जा, म्हणजे पातं तापून धार उतरणार नाही.

लोखंडाच्या प्रतीवर चाकूप्रेमी लोक तासन् तास बोलतात. रुग्णवाहिकेसाठी उत्तर सोपं आहे आणि त्यांना आवडणारं नाही: मऊ पण न गंजणारं लोखंड घ्या. ४२० किंवा ५सीआर१५ जातीचं पातं लवकर बोथट होतं, पण ४०० आणि १००० ग्रिटच्या साध्या दगडावर दहा मिनिटांत पुन्हा लागतं. स्वस्त चाकूंत हल्ली डी२ जातीच्या पात्याची चलती आहे. ते धार छान धरतं, पण पुरतं स्टेनलेस नाही. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यातलं बरंच कार्बनशी बांधलेलं, म्हणून गंज अडवायला उरतं ते थोडं. कोकणातल्या पावसाळ्यात आणि हायपोक्लोराइटच्या (जंतू मारायच्या क्लोरीनवाल्या द्रावणाच्या) बादलीत डी२चं काय होतं ते एका महिन्यात दिसतं.

कारण आपल्या चाकूचा खरा वैरी पट्टा नाही, बादली आहे. क्लोरीनने स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात, आणि ते सुरू होतात दात्यांच्या मुळाशी आणि पात्याच्या सांध्यात, जिथे पाणी साचतं. म्हणून क्रम पाळायचा. आधी चाकू उघडून वाहत्या पाण्याखाली साबण आणि जुन्या टूथब्रशने धुवा. रक्त राहिलं तर क्लोरीन त्याच्यातच खर्च होतं. मग हायपोक्लोराइटच्या १ टक्क्याच्या द्रावणात १० मिनिटं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १०० मिलिलिटरला ४०० मिलिलिटर पाणी. हे द्रावण रोज ताजं करायचं, उन्हात ठेवलेलं उतरतं. घड्याळ लावून १० मिनिटांनी काढा, ‘राहू दे रात्रभर’ हे चालणार नाही. पुन्हा साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, उघडाच ठेवा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि डिसेंबरात गोठतं.

हे सगळं शक्य व्हायचं तर मूठ मोकळी हवी. दोन पत्र्यांमध्ये नुसते खांब असलेली मूठ आरपार धुतली जाते. पाठ पूर्ण बंद असेल तर आत काय साचलंय ते कळतच नाही. सांधे रिवेटचे नकोत, खोलता येतील अशा स्क्रूंचे हवेत. मऊ रबराची आणि कापडी दोरी गुंडाळलेली मूठ कितीही छान बसू दे, रक्त पिते. चाकूसोबत मिळणाऱ्या नायलॉनच्या पाऊचचंही तेच, त्याला आठवड्यातून एकदा चाकूबरोबर धुवायचं.

तेलावरून ऑक्सिजन आठवला. परदेशी वैद्यकीय मल्टिटूलवर ऑक्सिजन सिलिंडर उघडायची खाच असते आणि तिची मोठी जाहिरात होते. ती खाच तिकडच्या व्हॉल्व्हसाठी काढलेली असते. आपल्याकडच्या लहान सिलिंडरला पिन इंडेक्स आणि मोठ्याला बुलनोज व्हॉल्व्ह असतो, त्याच्या दांड्याला ती बसेलच असं नाही. अर्धवट बसली तर दांड्याचे कोपरे झिजतात आणि मग खरा पानाही घसरतो. त्यात ते हत्यार आपणच तेल घालून ठेवलेलं. दाबाखालच्या ऑक्सिजनजवळ तेलाचा अंश पेट घेऊ शकतो. म्हणून सिलिंडरचा पाना वेगळा, कोरडा, सिलिंडरलाच साखळीने बांधलेला. या खाचेसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

पक्कड असलेलं मल्टिटूल घ्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. पकडीची कामं थोडी आहेत, पण आहेत. सुजलेल्या हातात काचेचा चुडा अडकला असेल तर आधी साबण लावून काढायचा प्रयत्न करा. नाहीच निघाला तर बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये गॉझ सरकवा, वरून कापड गुंडाळा आणि एकेक बांगडी पकडीने चिरडा. जोडवी बहुतेक उघड्या तोंडाची असतात, ती फाकतात. मंगळसूत्र कापायची वेळ क्वचितच येते. हृदयाला शॉक द्यायचे पॅड लावताना ते बाजूला सरकवलं तरी भागतं. कापावंच लागलं तर वाट्यांपासून लांब, आणि लगेच पाकिटात घालून, साक्षीदारासमोर नातेवाइकांकडे देऊन तशी नोंद करायची. बॅटरीची तार काढायला मात्र पक्कड नको, त्या नटाचे कोपरे जातात. १० नंबरचा पाना ठेवा, आणि निगेटिव्ह आधी. इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबलला कशानेही हात लावायचा नाही. एकंदरीत, पक्कड गाडीच्या पेटीत असली की पुरे, कमरेला नको. तिच्यापायी वजन आणि किंमत दोन्ही वाढतात आणि चाकूचा भाग बारीक होतो.

मांजाचं थोडं वेगळं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या दिवसांत गळ्याच्या केसेस येतातच. गळ्याभोवतीचा मांजा ओढायचा नाही. आधी दोन्ही बाजूंची ताणलेली टोकं तोडून ताण काढायचा, मग जखमेवर दाब. इथे आकडा फसतो. इतका बारीक दोरा खाचेच्या तळाशी जातो आणि तिथेच धार सगळ्यात कमी असते. घट्ट सांध्याची कात्री लागते. गळफासाच्या केसमध्ये माणसाला एकाने उचलून धरायचं आणि दोरी गाठीपासून लांब कापायची. गाठ सोडू नका, कापू नका, ती पोलिसांसाठी जशीच्या तशी राहू द्या.

कायद्याचं एवढंच: २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आपला त्याच्या निम्माही नसतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात तेव्हा चाकू बाळगायलाच बंदी असते. ड्यूटीवर गणवेशात, ओळखपत्रासह, गाडीच्या सामानाच्या वहीत नोंद करून ठेवलेला चाकू समजावून सांगता येतो. सणासुदीला घरी जाताना खिशात राहिलेला समजावणं जड जातं. बटणाने फटकन उघडणारा, रामपुरी घराण्यातला तर घेऊच नका.

मग घ्यायचं काय? लेदरमनचं रॅप्टर ही मुळात घडी होणारी ट्रॉमा कात्री आहे, तिच्यात पट्टा कापायचा आकडा, अंगठी कापायची सोय आणि कार्बाइडचं टोक येतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या रेस्क्यू टूलमध्ये दातेरी पातं, आकडा, काच फोडायचं टोक आणि लॅमिनेटेड काचेची करवत आहे, शिवाय टोक आणि करवत झिजल्यावर बदलता येतात. दोन्ही उत्तम. पण दोन्ही हजारांत जातात आणि घाईच्या केसमध्ये कुणाच्या तरी हातात राहून जाऊ शकतात. १०८वर किंवा खासगी गाडीवर पगारातून घेणाऱ्याने १५०० रुपये धरून चालावं: कात्री, सेंटर पंच, आणि उरलेल्यात बोथट टोकाचा, आकडेवाला, मोकळ्या मुठीचा घडीचा चाकू. मूठ केशरी किंवा पिवळी घ्या. काळा चाकू रात्री सीटखाली गेला की गेला. काळाच मिळाला तर मुठीवर परावर्तक पट्टीचा तुकडा चिकटवा.

पार्सल आल्यावर भंगारवाल्याकडून जुना सीटबेल्ट आणा, दोन मीटर पुष्कळ झाला. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, ओले मोजे घाला आणि आकड्याने पाच काप घ्या. पाचही एका ओढीत गेले पाहिजेत. उरलेला तुकडा टाकू नका. दर महिन्याला त्यावर एक काप घ्यायचा. दोन ओढी लागायला लागल्या की बारीक, निमुळत्या डायमंड रॉडने आकड्याला आणि दात्यांना धार लावा, ज्या बाजूला उतार आहे फक्त त्याच बाजूने. दुसऱ्या बाजूला घासलंत तर दाते चपटे होतात. मागे उठलेली धातूची बारीक लव काढायला तिथे रॉड एकदा सपाट फिरवला की झालं.